‘आपल्याला नाही जमत’ म्हणणाऱ्या लेकरासाठी: मुलांना स्वतःशी नीट बोलायला कसं शिकवायचं

माझी मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी ती वजाबाकी करत बसली होती. गणित होतं ४०२ वजा १७८ आणि तिने उत्तर लिहिलं ३७६. ‘चुकलंय, परत बघ’ असं मी म्हटलं. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, “बाबा, आपल्याला नाही जमत गणित.”

ती रडली नाही की चिडली नाही. बाहेर ऊन पडलंय हे सांगावं तितक्या सहज म्हणाली. मला त्यातला ‘आपल्याला’ लागला. तिसरीतलं पोर ‘मला’ म्हणेल. ‘आपल्याला नाही जमत बुवा’ हे माझं बोलणं होतं. इंग्रजीत फोन आला की मी तो बायकोकडे देताना हेच म्हणायचो, आणि बँकेचं ॲप अडलं की हेच. तिने गणितासाठी माझंच वाक्य उचललं होतं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मी बरंच वाचलं, शाळेतल्या बाईंशी बोललो, समुपदेशकांकडे जाऊन आलो आणि चुकाही पुष्कळ केल्या. तुमचं मूल पाच ते बारा वर्षांचं असेल आणि ‘मी ढ आहे’, ‘माझं डोकंच चालत नाही’, ‘मला कोणी खेळायलाच घेत नाही’ असं काही म्हणायला लागलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी मानसशास्त्रज्ञ नाही, यातून गेलेला एक बाप आहे.

सुरू करण्याआधी: मोठी वाक्यं का चालत नाहीत

मी पहिली चूक केली ती इथेच. कुठेतरी वाचून मुलीला रोज सकाळी आरशासमोर उभं करायचो आणि ‘मी हुशार आहे, मी सगळं करू शकते’ असं दहादा म्हणायला लावायचो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, पण हे खोटं आहे ना?”

तिचं बरोबर होतं. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोठ्या माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना स्वतःबद्दल आधीच चांगलं वाटत होतं, त्यांना ‘मी प्रेम करण्यासारखा माणूस आहे’ अशा वाक्याने थोडं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमी वाटत होतं, त्यांना तेच वाक्य म्हटल्यावर उलट जास्त वाईट वाटलं. मन लगेच आतून उत्तर देतं, ‘छे, कुठे?’ म्हणजे औषधाची खरी गरज ज्याला, त्यालाच ते बाधतं.

मुलांवरचा अभ्यास त्याहून कामाचा आहे. नेदरलँड्समध्ये सँडर टोमास आणि सहकाऱ्यांनी ९ ते १३ वयाच्या २१२ मुलांना गणिताची चाचणी दिली आणि ती अर्ध्यावर आली की काहींना मनात म्हणायला सांगितलं, ‘मी माझ्याकडून पूर्ण प्रयत्न करीन.’ काहींना सांगितलं, ‘मी यात खूप चांगला आहे.’ आपल्याला गणित येत नाही असं मानणाऱ्या मुलांना पहिल्या वाक्याने फायदा झाला, दुसऱ्याने झाला नाही.

यातून मी घरासाठी एक साधा नियम काढला. ‘मी अमुक आहे’ ही वाक्यं बाजूला ठेवा, ‘मी अमुक करीन’ आणि ‘मी अमुक केलं’ ही वाक्यं धरा. ‘मी ढ आहे’ जसं अडकवतं, तसंच ‘मी हुशार आहे’ही अडकवतं, कारण पुढच्या चुकीला ते कोसळतं. ‘परत बघते’ कोसळत नाही.

काय काय लागेल

- एक शंभर पानी वही, तुमच्यासाठी. मुलाला दाखवायची नाही.
- दुसरी छोटी वही, मुलासाठी. रंग आणि कव्हर त्याने निवडावं.
- रोज दहा मिनिटं, शक्यतो ठरलेल्या वेळी. आमच्याकडे रात्री अंथरूण घालताना.
- सहा ते आठ आठवड्यांचा धीर. पहिल्या दोन आठवड्यांत काहीच बदललेलं दिसणार नाही.
- घरातल्या इतर मोठ्यांशी एकदा शांतपणे बोलणं. आजी-आजोबा एकत्र राहत असतील तर हे टाळू नका.

विकत घ्यावं असं यात एवढंच आहे. भिंतीवर लावायचे तक्ते, ‘पॉझिटिव्ह’ वाक्यांची कार्डं, महागडी शिबिरं, यातलं काही लागत नाही.

पायरी १: दोन आठवडे फक्त ऐका आणि लिहा

मूल स्वतःबद्दल जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवा. अर्थ लिहू नका, शब्द लिहा. ‘आत्मविश्वास कमी’ असं लिहिलेलं नंतर काही उपयोगाचं नसतं. ‘मंगळवार, संध्याकाळी सात, शुद्धलेखन, “माझं अक्षर म्हणजे घाणच”’ असं लिहा. वार, वेळ, काम, वाक्य.

या काळात वाक्य दुरुस्त करायला जाऊ नका. ‘असं नाही म्हणायचं हं!’ हे आपण फार पटकन म्हणतो. त्याने वाक्य थांबतं, विचार थांबत नाही, आणि तुम्हाला ऐकू येणं मात्र बंद होतं.

माझ्या वहीत दोन आठवड्यांत तेवीस वाक्यं जमली. त्यातली सोळा संध्याकाळी सहा ते आठमधली होती, म्हणजे शाळा आणि शिकवणी दोन्ही आटोपून पोर भुकेलं आणि दमलेलं असतानाची. आम्ही अभ्यासाची वेळ खाण्यानंतर नेली आणि काही वाक्यं तेवढ्यानेच गेली. बाकीच्या वाक्यांत एक वाक्य चारदा होतं. ते होतं, ‘सगळ्यांचं होतं, माझंच राहतं.’ वही नसती तर ते मला कधीच दिसलं नसतं.

एक गोष्ट नीट ओळखा. लहान मूल खेळताना, चित्र काढताना स्वतःशी मोठ्याने बोलत असेल तर ते चांगलं लक्षण आहे. लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हे मांडलं. मूल आधी मोठ्याने स्वतःशी बोलतं, मग पुटपुटतं, आणि मग तेच बोलणं आत जाऊन विचार बनतं. तेव्हा ‘काय एकटाच बडबडतोयस?’ म्हणून गप्प करू नका. पुढे त्याच्या मनात जो आवाज राहणार आहे, तो तिथे तयार होत असतो.

पायरी २: घरातली मोठ्यांची वाक्यं बदला

ही पायरी सगळ्यात अवघड. मला तीन महिने लागले.

त्याच वहीच्या मागच्या पानापासून तुमची स्वतःची वाक्यं लिहायला लागा. दुचाकी सुरू झाली नाही तेव्हा काय म्हणालात? पोळी करपली तेव्हा? ‘मी म्हणजे मूर्खच’, ‘माझ्या हातून एक काम धड होत नाही’, ‘आमच्या नशिबातच नाही’ ही वाक्यं आपण दिवसभर पेरत असतो. मूल कोपऱ्यात खेळत असतं आणि सगळं ऐकत असतं.

गोड बोलायची गरज नाही. चूक झाली की पुढची कृती मोठ्याने बोला.

- ‘श्या, मी मूर्खच!’ याऐवजी: ‘किल्ली घरातच राहिली वाटतं. आता शेवटची कुठे ठेवली होती ते आठवू.’
- ‘आपल्याला नाही जमत हे ॲप.’ याऐवजी: ‘अजून नाही समजलं. एकदा परत करून बघतो, नाहीतर विचारतो कोणाला तरी.’
- ‘भाजी बिघडली, झालं!’ याऐवजी: ‘मीठ जास्त पडलंय. बटाटा घालून बघू.’

‘अजून’ हा शब्द आपल्या भाषेत फार सोयीचा आहे. ‘येत नाही’ म्हटलं की दार बंद. ‘अजून येत नाही’ म्हटलं की ते किलकिलं राहतं. पण तोही रोज दहादा वापरून बोथट करू नका.

मुलाबद्दलची वाक्यंही इथेच येतात. ‘हा लाजाळूच आहे’, ‘हिचं गणित कच्चंच’, ‘धाकटा हुशार, मोठा जरा मंद’ ही वाक्यं आपण पाहुण्यांसमोर, मुलासमोर, कौतुकाच्या सुरातसुद्धा बोलतो. आत्याच्या नाहीतर शेजारच्या मुलाशी तुलना ही तर आपल्याकडे सवयच. हे बंद करा. थोडं थोडं करून जमणार नाही, एकदम बंद करा.

आजी-आजोबांना मात्र शिकवायला जाऊ नका. माझी आई नातीला ‘माझी हुशार गं बाई ती!’ म्हणते आणि ते प्रेम आहे. मी तिला एवढंच म्हटलं, “आई, ती रांगोळी काढते तेव्हा कुठला ठिपका आधी जोडला ते विचारत जा ना तिला.” आता आई तेच विचारते आणि नात अर्धा तास सांगत बसते.

पायरी ३: जुनं वाक्य घ्या, नवं बनवा. मुलाच्याच शब्दांत

आता वही उघडा आणि सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य निवडा. एका वेळी एकच. मूल शांत असताना, पोट भरलेलं असताना, शक्यतो चालता चालता किंवा गाडीवर जाताना विषय काढा. समोरासमोर बसून काढलात तर ती चौकशी वाटते.

नवं वाक्य तीन कसोट्यांवर बघा.

१. ते खरं आहे का? मुलाला स्वतःला पटतं का?
२. त्यात पुढचं काम दिसतं का?
३. ते मूल स्वतः बोलेल असं आहे का, की पुस्तकातलं वाटतं?

‘सगळ्यांचं होतं, माझंच राहतं’ याचं आम्ही काय करावं, हे मी तिलाच विचारलं. आधी खरं किती ते पाहिलं. वर्गात फळ्यावरचं सगळ्यात शेवटी तिचं लिहून होतं, हे खरं होतं. ‘असं काही नसतं गं, तू पण लवकर लिहितेस’ म्हणालो असतो तर तिने माझं पुढचं काही ऐकलंच नसतं. मग ती म्हणाली, “राहिलं तर मी बाईंना सांगीन, बाई, दोन ओळी राहिल्यात.” तेच तिचं वाक्य ठरलं: ‘राहिलं तर सांगीन.’ मला सुचलं असतं त्यापेक्षा कितीतरी चांगलं.

नमुन्यादाखल काही जोड्या देतो. त्या जशाच्या तशा घेऊ नका, तुमच्या घरच्या बोलीत करा. कोल्हापूरचं पोर, नागपूरचं पोर आणि मालवणचं पोर मनात एकाच मराठीत बोलत नाही.

- ‘मी ढ आहे.’ → ‘हे गणित आलं नाही. याच्या आधीचं आलं होतं.’
- ‘सगळे हसतील.’ → ‘कोणी हसलं तर हसलं. मी वाचून संपवीन.’
- ‘मला कोणी खेळायला घेत नाही.’ → ‘आज विचारून बघते. नाही घेतलं तर दोरीवरच्या उड्या मारीन.’
- ‘माझं अक्षर घाण आहे.’ → ‘ही ओळ सावकाश लिहिते.’

शेवटचं बघा, किती साधं आहे. त्यात अभिमान नाही, जोश नाही. त्यामुळेच ते दमलेल्या मुलालाही म्हणता येतं.

पायरी ४: मोठ्याने बोलून दाखवा, मग हळूहळू आत जाऊ द्या

वाक्य ठरलं म्हणजे ते अडचणीच्या वेळी आठवेल असं नाही. ते कामात मिसळावं लागतं. डोनाल्ड मायकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये घाई करणाऱ्या, न थांबता उत्तर देणाऱ्या मुलांसाठी एक पद्धत मांडली. ती मला सगळ्यात उपयोगी पडली. तिचे टप्पे असे:

- मोठा माणूस काम करतो आणि स्वतःशी मोठ्याने बोलतो. मूल फक्त बघतं.
- मूल काम करतं, मोठा माणूस बोलतो.
- मूल काम करतं आणि स्वतःच मोठ्याने बोलतं.
- मूल काम करतं आणि पुटपुटतं.
- मूल काम करतं आणि मनातल्या मनात बोलतं.

आमच्या त्या वजाबाकीला मी परत हात घातला तो असा. वही माझ्याकडे घेतली, ती शेजारी बसली आणि मी बोलायला लागलो:

“चारशे दोनातून एकशे अठ्ठ्याहत्तर. एककात वर दोन, खाली आठ. दोनातून आठ जात नाहीत. घाईत असतो तर उलटं करून आठातून दोन काढले असते आणि मोकळा झालो असतो. थांब. वरच्यातून खालचे काढायचे असतात. दशकाकडे मागू. अरे, दशकात शून्य. त्याच्याकडेच काही नाही, तो काय देणार? मग शतकाकडे जाऊ. चारातला एक घेतला, तिथे राहिले तीन. दशकात आले दहा. त्यातला एक एककाला दिला, दशकात राहिले नऊ, एककात झाले बारा. बारातून आठ गेले, चार. नवातून सात गेले, दोन. तिनातून एक गेला, दोन. दोनशे चोवीस. आता बेरीज करून तपासू.”

ती मध्येच म्हणाली, “मी तसंच केलं होतं! आठातून दोन!” तिची ३७६ ची चूक होती ती हीच: प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढलेला. तोवर तिला वाटत होतं, आपल्याला गणितच येत नाही. खरं तर तिला एका जागी थांबायचं होतं.

म्हणून मी सांगेन, ‘थांब’, ‘परत बघू’, ‘आता तपासू’ हीच मुलांची सर्वांत चांगली वाक्यं आहेत. ‘शाब्बास मी’पेक्षा ‘थांब’ने जास्त आत्मविश्वास येतो, कारण त्याच्या मागोमाग काम होतं आणि मुलाला ते दिसतं.

प्रत्येक टप्प्याला आठवडाभर द्या. मुद्दाम एखादी चूक करा आणि शांतपणे दुरुस्त करून दाखवा. बूट घालणं, सायकल, कंदील बनवणं, भाषणाचं पाठांतर, कशावरही हे करता येतं. गणितच हवं असं नाही. उलट मुलाला आवडणाऱ्या कामापासून सुरुवात केलीत तर बरं.

पायरी ५: स्वतःला नावाने हाक मारणं, आणि एखादी व्यक्तिरेखा सोबत घेणं

आपल्या संतांनी मनाला ‘मना’ अशी हाक मारूनच समजावलं. स्वतःपासून पाऊलभर मागे सरून बोललं की मन ऐकतं. मुलांनाही हे जमतं. ‘मी घाबरलेय’ याऐवजी ‘चिऊ, घाबरलीस ना? एक घोट पाणी पी’ असं स्वतःच्या लाडक्या नावाने म्हणायला सांगा.

लहान मुलांसाठी याहून मजेची युक्ती आहे. अमेरिकेत रेचेल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी ४ आणि ६ वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं, आणि बाजूला टॅबवरचा खेळ ठेवला. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्यांना बॅटमॅनसारखी कोणी व्यक्तिरेखा होऊन ‘बॅटमॅन नीट काम करतोय ना?’ असं स्वतःला विचारायला सांगितलं होतं, ती मुलं कामाला सर्वांत जास्त वेळ चिकटून राहिली.

आमच्या पोरीने निवडली एस.टी.तली कंडक्टर मावशी. आजोळी जाताना तिने भर गर्दीत एका मावशींना पाहिलं होतं. कोणी सुटे देत नव्हतं, कोणी दारात उभं होतं, आणि त्या ‘पुढं चला, पुढं चला’ म्हणत एकेक तिकीट देत मागून पुढे गेल्या आणि मग डबल बेल दिली. आता परीक्षेत एखादा प्रश्न अडला की ती मनात म्हणते, ‘पुढं चला.’ पेपर सुरू करताना बाकावर बोटाने दोनदा टकटक करते. ती डबल बेल.

व्यक्तिरेखा मुलाला निवडू द्या. तुम्हाला शिवबा किंवा कल्पना चावला हवी असेल आणि त्याला फायर ब्रिगेडचा काका हवा असेल, तर फायर ब्रिगेडचा काकाच.

पायरी ६: शाबासकी जरा जपून

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे अवघड प्रश्नांत अडल्यावर लवकर मागे सरली, आणि काहींनी आपले गुणही वाढवून सांगितले. ‘तू मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली मुलं जास्त टिकली. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या मुलांना स्वतःबद्दल कमी वाटतं, त्यांचंच आपण मोठे लोक जास्त फुगवून कौतुक करतो, आणि त्याच कौतुकाने ती मुलं अवघड कामापासून लांब राहायला लागतात.

म्हणून जे पाहिलंत तेच सांगा. ‘कसलं भारी चित्र!’ याऐवजी ‘झाडाला तीन हिरवे वापरलेस.’ ‘तू तर चॅम्पियन!’ याऐवजी ‘दोनदा पडलीस आणि तिसऱ्यांदा परत बसलीस सायकलवर.’ आणि मेहनत घेतलेली नसताना मेहनतीचं कौतुक करू नका. मुलांना ते लगेच कळतं.

पायरी ७: रात्रीची ‘केलं’ वही

मुलाच्या छोट्या वहीत रोज एक ओळ. ‘आज काय चांगलं झालं’ असं विचारू नका, वाईट दिवशी त्याला काही सापडत नाही. ‘आज काय केलंस?’ एवढंच. ओळ ‘मी’ने सुरू व्हावी आणि तिच्या शेवटी ‘केलं’, ‘विचारलं’, ‘थांबले’, ‘सांगितलं’ असं क्रियापद यावं. लिहायचा कंटाळा असेल तर मूल सांगेल, तुम्ही लिहा.

आमच्या वहीतल्या काही ओळी: ‘मी बाईंना सांगितलं की दोन ओळी राहिल्या.’ ‘मी कारलं खाल्लं. एक फोड.’ ‘मी आज काही केलं नाही, झोपले.’ हीसुद्धा चालते. खरी आहे.

पुढे कधी ‘मला काहीच येत नाही’ आलं, की उपदेश करू नका. ही वही तिच्या हातात द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा.

वाईट दिवशी काय करायचं

चाचणीत वीसपैकी सहा गुण मिळाले, मैत्रिणीने बोलणं सोडलं, स्नेहसंमेलनात स्टेजवर ओळ विसरली. अशा दिवशी वरचं काहीही काढू नका. आधी जवळ घ्या. रडू द्या. ‘वाईट वाटलं ना? मलाही वाटलं असतं’ एवढंच बोला. काहीतरी खायला द्या. झोप होऊ द्या. वाक्यं दुसऱ्या दिवशी.

रडत असलेल्या मुलाला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणणं म्हणजे तुझं दुःख मला नकोय असं सांगणं आहे. मी हे एकदा केलंय आणि पुढचे आठ दिवस तिने शाळेतलं काहीही मला सांगितलं नाही.

सहसा पाय घसरतो तो इथे

- *याचा अभ्यास करून टाकणं.* ‘आज वाक्य म्हटलंस का?’ असं रोज विचारलंत की संपलं.
- *नातेवाइकांसमोर म्हणायला लावणं.* ‘म्हणून दाखव गं तुझं पुढं चला!’ ते तिचं खाजगी आहे.
- *वाईट भावनेवर बंदी.* राग, भीती, हेवा येणारच. वाक्य त्यांच्या सोबत चालण्यासाठी आहे, त्यांना हाकलण्यासाठी नाही.
- *खऱ्या अडचणीवर वाक्यांचं पांघरूण.* हा सापळा सर्वांत मोठा. माझी मुलगी फळ्यावरचं शेवटी का लिहायची? बायकोच्या लक्षात आलं की ती टीव्ही बघताना डोळे बारीक करते. तपासलं तर चष्म्याचा नंबर निघाला. आम्ही आठवडे वाक्यांत घालवले आणि तिला फळाच नीट दिसत नव्हता.

म्हणून सुरुवातीलाच डोळे आणि कान तपासून घ्या. वाचन, लेखन किंवा अंकांची अडचण वर्षभर मेहनत करूनही हटत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मोफत तपासणी होते. पथक शाळेत कधी येतं ते मुख्याध्यापकांना विचारा.

शाळेशी आणि शिकवणीशी बोलताना

बाईंना शाळा सुटल्यावर, वेळ ठरवून, मुलाच्या मागे भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. ‘बाई, ती घरी असं असं म्हणते. वर्गात तुम्हाला काय दिसतं?’ या एका प्रश्नावर आमच्या बाई वीस मिनिटं बोलल्या आणि तिला दुसऱ्या बाकावर आणून बसवलं.

शिकवणीत आमचा अनुभव वेगळा होता. तिथे दर शनिवारी कमी गुणांच्या मुलांची नावं पालकांच्या ग्रुपवर टाकत. मी दोनदा विनंती केली, तिसऱ्यांदा शिकवणी सोडली. शाळेत असं काही होत असेल तर लक्षात ठेवा, शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेप्रमाणेच मुलाच्या मानसिक छळालाही मनाई आहे. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या.

मदत कधी मागायची

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा जेवण बिघडलं, रोज शाळेच्या वेळी पोट दुखतं, आवडता खेळही नको वाटतो, असं असेल तर घरच्या वाक्यांवर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही एकदाही ऐकलंत तर वाट बघू नका, त्याच दिवशी बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये ठेवा, मुलालाही पाठ करायला लावा.

पायरी ८: मग हळूहळू बाजूला व्हा

सहा-आठ आठवड्यांनी तुमची वही परत चाळा. पहिल्या दोन आठवड्यांतली वाक्यं आणि आत्ताची शेजारी ठेवा. जुनी पूर्ण जाणार नाहीत. आमच्याकडे तेवीसची नऊ झाली, शून्य नाही. मग दुसरं वाक्य हातात घ्या किंवा महिनाभर काहीच करू नका.

आता ती पाचवीत आहे. कंडक्टर मावशीचं नाव घरात कोणी काढत नाही, तिला लाज वाटते. पण परवा गणित करताना मी दारातून पाहिलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मध्येच तिने पेन्सिल उचलली, खोडरबर घेतला, एक आकडा खोडला आणि बाकाला बोटाने दोनदा टकटक केलं.